खजुरीच्या पोटातली कुरकुर

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कुणाच्याही घरचा पंप दुरुस्त करायला जायचं नाही, असा भिकाजी तळवडेकरांचा नियम होता. ओमानात आल्यापासून बावीस वर्षांत तो त्यांनी एकदाही पाळला नव्हता, पण नियम होता आणि तो ते सगळ्यांना सांगत. त्यामुळे मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजचा मालक खल्फान गुरुवारी त्यांच्या टेबलाशी येऊन गाडीची किल्ली बोटावर फिरवायला लागला, तेव्हाच भिकाजींनी ओळखलं की उद्या रुस्ताक, खल्फानचं गाव. खल्फान म्हणाला, आईच्या बागेतला पंप फार आवाज करतो, आणि आई त्या पंपाहून जास्त करते. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, आईचा पंप म्हटल्यावर नियम कुठला टिकायला.

भिकाजी गॅरेजचे फोरमन. गॅरेजात गाडीला वायर जोडून तिचे सगळे रोग पडद्यावर लिहून दाखवणारं यंत्र आलं होतं, आणि पोरं त्यावर विश्वास ठेवत. भिकाजी ठेवत नसत. त्यांच्याकडे अठरा इंची पेचकस होता, लाकडी मुठीचा. कुडाळच्या उस्तादांनी निरोप देताना हातात ठेवलेला. त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग आतलं कुठलं बेअरिंग रडतंय आणि कुठला व्हॉल्व्ह नुसताच नाटक करतोय, ते भिकाजी नावानिशी सांगत. तीस वर्षांत कानाच्या घामानं ती मूठ काळी झाली होती. याच कानाला बायकोची, प्रभावतीची, तिसरी हाकही ऐकू येत नसे, हा प्रश्न वेगळा, आणि तो प्रभावतीनं अनेकदा विचारलेला होता.

रुस्ताकला त्यांनी पंप खोलला आणि त्याचे अवयव गोणपाटावर मांडले. बेअरिंग गेलं होतं. नवं आणायला खल्फान सूकमध्ये, बाजारात, गेला. बागेत उरली खल्फानची आई, उम्म खल्फान, आणि ती ज्या खजुरीखाली दिवसभर बसायची ती खजुरी. लग्नाच्या वर्षी नवऱ्यानं लावलेली. नवरा गेला, खजुरी राहिली. तिच्या बुडाशी आलेली पिल्लं लेकींच्या घरी गेली, नातींच्या घरी गेली, आणि त्यांनाही आता फळं येत होती. हे सगळं म्हातारीनं भिकाजींना कहवा ओतता ओतता अरबीत सांगितलं. भिकाजींना त्यातलं निम्मं कळलं, पण ज्या हातानं ती मधूनमधून खोडावर थोपटत होती तो हात पूर्ण कळला.

काही माणसांचा हात रिकाम्या वेळी मिशीकडे जातो. भिकाजींचा पेचकसाकडे गेला. त्यांनी सहज, काही मनात नसताना, त्याचं टोक खजुरीच्या बुंध्याला लावलं आणि मूठ कानामागे टेकवली.

कुर्र. थोडं थांबून, कुर्र कुर्र. मग जरा विश्रांती, आणि पुन्हा.

भिकाजींच्या अंगावर काटा आला. हा आवाज त्यांनी याआधी ऐकला होता, तळवड्याला, काकांच्या बरोबर. काका माडाला कान लावत, ऐकत, आणि मग एवढ्या शिव्या देत की भिकाजींना लहानपणी वाटायचं माडालाच देतायत. आत सोंड्या भुंग्याची अळी असायची. वर झाड हिरवंगार, झावळ्या डुलतायत, सावली पडलीय, आणि आत कुणीतरी अगदी निवांत बसून जेवतंय. डोक्यावर साठ वर्षांचं झाड तोललेलं आणि त्याला त्याचं काही नाही. भिकाजी किती वेळ ऐकत राहिले ते त्यांनाच कळलं नाही. कहवा गार झाला.

खल्फान बेअरिंग घेऊन आला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. या किड्याला इथे सूसा म्हणतात आणि त्याचं नाव ओमानात पोराटोरांनाही माहीत. पण सूसा लागला की खोडातून तपकिरी रस गळतो, भुसा पडतो, आंबूस वास सुटतो. इथे यातलं काहीच नव्हतं. खल्फाननं झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खोड हुंगलं आणि भिकाजींच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाला, “बिकाजी, तू गाडीचा उस्ताद. हे खजुरीचं काम आहे.” हे तो प्रेमानंच म्हणाला, म्हणून जास्त लागलं. म्हातारीनं मात्र भिकाजींकडे बघितलं, पेचकसाकडे बघितलं आणि खोडावर हात ठेवला. भिकाजींनी मान खाली घालून बेअरिंग बसवलं. डोकं ठिकाणावर नव्हतं. पंप सुरू झाला, पाणी सिमेंटच्या पाटातून बागाबागांतून धावत सुटलं, आणि ते घरी आले.

घरी प्रभावतीनं सगळं ऐकून घेतलं. “तुमी पंपाक गेल्लास ना?” ती म्हणाली. “मगे पंप करून गप ऱ्हवा. लोकांच्या झाडांक कान कित्याक लावतास?”

पण गप राहणं एकट्याच्या हातात नसतं. भिकाजींनी खालच्या केरळी दुकानदाराला फक्त विचारलं, तर त्यानं सांगितलं की झावळ्यांच्या खाचांत डांबरगोळ्या आणि वाळू भरा, आमच्याकडे तेच करतात, आणि डांबरगोळ्यांची दोन पाकिटं लगेच काउंटरवर ठेवली. भिकाजींचे दोस्त नूरुद्दीन, मस्कतच्या मत्रह बाजारात त्यांचं मसाल्याचं दुकान, आणि श्रीवर्धनला तर स्वतःची नारळाची वाडी. ते म्हणाले, वाकड्या तारेनं ओढून काढायचा, बाकी सगळे चोचले. तार किती वाकडी, हे दाखवायला त्यांनी दुकानातला तराजूचा आकडा काढला. शेजारच्या अश्लेषानं निंबोळीच्या तेलाची शिफारस केली आणि झाडाशी गोड बोलायला सांगितलं. भिकाजींना झाडाशी बोलायचं नव्हतंच. ते ऐकणारे होते.

इकडे रुस्ताकला बातमी पसरली, की गालाचा एक हिंदी माणूस आहे, तो खजुरीच्या पोटातलं ऐकतो. पुढच्या गुरुवारी खल्फान पुन्हा किल्ली फिरवत आला. आता आईचा नाही, शेजाऱ्यांचा आग्रह होता. आपल्या माणसाला मागणी आली म्हटल्यावर खल्फानलाही जरा मजा वाटू लागली होती.

शुक्रवारी नूरुद्दीन बरोबर निघाले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि गॅरेजात बाद झालेल्या पार्टवर ज्यानं खूण करतात ते पिवळं पेन खिशाला लावलं होतं. डॉक्टरबरोबर कंपाउंडर असायलाच हवा, हे त्यांचं मत. रुस्ताकला पाटाच्या दोन्ही बाजूंना लोक आपापल्या खजुरीपाशी उभे होते. कुणी भिकाजींना खुर्ची दिली, कुणी पाणी. भिकाजी पेचकस टेकवत, डोळे मिटत, आणि सगळी वाडी श्वास रोखून धरी. असा मान त्यांना गॅरेजात कधी मिळाला नव्हता. तिथे डोळे मिटले की पोरं हॉर्न वाजवत.

आणि आवाज आला. पहिल्याच झाडात आला, बारीक, सलग कुरकुर. दुसऱ्यात आला. तिसऱ्यात, चौथ्यात. भिकाजींना आधी अभिमान वाटला आणि मग खरोखर भीती वाटली. पाटाकाठची अकरा झाडं, आणि अकराही आतून खाल्ली जातायत! वर निळं आकाश, खाली माणसं हसतायत, आणि मधल्या लाकडात एवढी मोठी पंगत बसलेली. नूरुद्दीन प्रत्येक खोडावर पिवळी फुली मारत आणि दर फुलीला “या अल्ला” म्हणत. लोक गंभीर झाले. निघताना सगळ्यांनी भिकाजींबरोबर फोटो काढले.

रविवारी खल्फाननं फोन भिकाजींच्या समोर धरला. उम्म खल्फानच्या शेजारी हमूद म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी नुकतीच घेतलेली लांबलचक गाडी फाटकातून आत वळत नव्हती, कारण मध्ये एक नर खजुरी उभी होती. फळ न देणारी. घरचे तिला तोडू देत नव्हते. तिच्यावर पिवळी फुली पडली आणि हमूदना जणू कोर्टाचा हुकूम मिळाला. शनिवारी करवत. फोटोत झाडाचे तुकडे ओळीनं मांडले होते. प्रत्येक तुकडा आतून पांढराशुभ्र, ओल्या खोबऱ्यासारखा. भोक नाही, अळी नाही, काही नाही. फोटोखाली लोकांनी हसणारे चेहरे टाकले होते. भिकाजींनी ते मोजायला सुरुवात केली आणि मग नाद सोडून दिला.

प्रकरण हसण्यावर थांबतं तर बरं होतं. पण खजुरी तोडायला परवानगी लागते, आणि हमूदनी परवानगीच्या जागी भिकाजींचं नाव सांगितलं. भिकाजींना रुस्ताकच्या शेती कार्यालयात जबाबासाठी बोलावणं आलं. पहिल्या खिडकीवर कळलं की ही खिडकी शेतकऱ्यांची. दुसऱ्या खिडकीवर रेसिडेंट कार्डाची प्रत घेतली आणि कार्डावर धंदा ‘वाहन मेकॅनिक’ असा वाचून तिसऱ्या खिडकीकडे पाठवलं. तिथे मात्र छापील अर्ज होता. त्यात एक रकाना होता, तपासणी कुठल्या साधनानं केली. भिकाजींनी खरं ते सांगितलं. कारकुनानं लिहिलं, मग स्वतः वाचलं, मग पलीकडच्या कारकुनाला बोलावून त्यालाही वाचायला दिलं. दोघंही फार सभ्य होते. दोघांनीही भिकाजींना चहा दिला. त्या चहानं भिकाजींचं मन अधिकच मोडलं.

त्या कार्यालयातली इंजिनिअर, सादिया नावाची तरुण ओमानी मुलगी, त्यांना तडक वाडीत घेऊन गेली. किड्याचा आवाज पकडणारं यंत्र तिच्या खात्याकडे होतं, पण ते त्या आठवड्यात दुसऱ्या गावी गेलेलं. ती म्हणाली, तुम्ही काय केलंत ते माझ्यासमोर करून दाखवा. हमूद आले, खल्फान आला, मागच्या शुक्रवारी फोटो काढलेले सगळे आले. भिकाजींनी पेचकस टेकवला. कुरकुर होती. दुसऱ्या झाडात होती. ते छाती जरा पुढे काढून म्हणाले, “आहे. ऐका हवं तर.”

सादियानं ऐकलं. मग ती म्हणाली, “आता भिंतीला लावा.”

भिकाजींनी कुंपणाच्या भिंतीला लावला. भिंतीतही कुरकुर होती. तिनं पाटाच्या सिमेंटकडे बोट दाखवलं. पाटही कुरकुरत होता. कुणीतरी मागून सुचवलं, तेव्हा हमूदच्या लांब गाडीलाही लावून पाहिला, आणि सूसा गाडीलाही लागलेला निघाला. लोक इतके हसले की एकाला खाली बसावं लागलं. सादिया मात्र हसली नाही. ती पाटाच्या कडेनं चालत गेली आणि टोकाला जिथे थांबली तिथे उम्म खल्फानचा पंप चालू होता.

पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. भिकाजींनी पंपाला पेचकस लावला, आणि पहिल्याच क्षणी त्यांना कळलं. बेअरिंग तिरकं बसलं होतं. त्यांनी स्वतः बसवलेलं. त्याची कुरकुर सिमेंटच्या पाटातून झाडाझाडाच्या बुंध्यात चढत होती. तीस वर्षं दुनियेची बेअरिंगं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचं बेअरिंग ऐकू आलं नव्हतं. भिकाजींना वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. पण रुस्ताकची जमीन खडकाळ आहे, ती असलं काही करत नाही.

त्यांनी गाडीतून थिनर आणि फडकं आणलं आणि एकेक फुली पुसायला सुरुवात केली. सगळे बघत होते. नूरुद्दीन आले नव्हते, त्यांना मत्रहला अचानक काम निघालं होतं. नऊ फुल्या पुसून झाल्या. दहावी हमूदच्या लाकडावर होती, तीही पुसली. उम्म खल्फानच्या खजुरीपाशी येऊन भिकाजींनी फडकं उचललं, तेव्हा मध्ये एक काठी आडवी आली.

“ही राहू दे,” म्हातारी म्हणाली. खल्फान अरबीचं हिंदी करत होता. “त्या दिवशी पंप गोणपाटावर पडला होता. मी याला कहवा ओतत होते. आवाज करायला बागेत काहीच नव्हतं. याला तेव्हा ऐकू आलं.”

खल्फान तिला समजवायला लागला. तिनं काठी हलवली नाही. भिकाजी स्वतःही विसरले होते, की तो पहिला आवाज सलग नव्हता. तो मध्ये थांबत होता. दम खात होता. बेअरिंग कधी दम खात नाही.

सादियानं पंप बंद करायला लावला. पाटातलं पाणी हळूहळू निजलं. कुणी फोन बंद केले. हमूदनी गाडीचा एसी बंद केला. ती वाडी एवढी शांत झाली की दूरच्या मशिदीच्या आवारातली कबुतरं ऐकू यायला लागली. सादियानं भिकाजींच्या हातून पेचकस घेतला, हिजाबवरूनच कानामागे टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग तिचा चेहरा बदलला. डोळे न उघडता तिनं दुसरा हात वर केला, कुणी हलू नका म्हणून.

“खातोय,” ती म्हणाली.

त्यानंतर तिनं सरळच सांगितलं. कीड मध्यभागी पोचली असेल तर झाड वाचवता येणार नाही, तोडून नष्ट करावं लागेल, नाहीतर वाडीतली सगळी जातील. म्हातारीनं मान डोलावली आणि नेहमीच्या जागेवर, त्याच झाडाखाली, चटईवर जाऊन बसली. कुठे बसणार दुसरीकडे. खल्फान, जो गॅरेजात मोठमोठ्यानं बोलायचा, तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि चटईच्या दशा ओढत राहिला.

बुंध्याला एका जागी जुनं पिल्लू काढल्याची जखम होती. सादियानं तिथली साल छिन्नीनं उचलली. वरून कोरडी, धड. आत बोट घातलं तर ओलसर भुगा. तिनं भोक मोठं केलं आणि मग तिथे जमलेल्या हसऱ्या माणसांपैकी कुणीच हसलं नाही. आत अळ्या होत्या, अंगठ्याएवढ्या, पिवळसर, पाय नसलेल्या. नुसतं तोंड आणि पोट. आणि त्यांच्या पलीकडे एक कोश होता. खजुरीचेच धागे काढून, गुंडाळून गुंडाळून, काथ्याच्या गुंडीसारखा विणलेला, एक दोरा सैल नाही. भिकाजींनी आयुष्यभर हातानं कामं केली होती, पण इतकं सफाईदार काम त्यांच्या गॅरेजात कधी झालं नव्हतं. सादियानं कोश चिरला. आतून एक लाल भुंगा तिच्या हातमोज्यावर आला, बोटाच्या पेराएवढा, पुढे लांब बाकदार सोंड. त्यानं सोंड इकडे फिरवली, तिकडे फिरवली. इतक्या माणसांना बघून तो मुळीच गडबडला नाही.

एवढासा जीव, आणि तो मनात आणेल तर साठ वर्षांचं झाड, त्याची सावली, म्हातारीची बसायची जागा, सगळं आडवं. हे सगळं अंधारात, कुणाला न दाखवता. भिकाजींना त्याचा राग यायला हवा होता, पण तेव्हा तरी आला नाही. ते नुसते बघत राहिले.

सादिया म्हणाली, हा इथला नाहीच. हा तुमच्या बाजूचा. काही दशकांपूर्वी रोपांच्या बुडात लपून समुद्र ओलांडून आखातात आला आणि मग पसरतच गेला. सगळ्यांनी भिकाजींकडे बघितलं. भिकाजींना त्या क्षणी अख्ख्या कोकणपट्टीच्या वतीनं माफी मागावीशी वाटली. व्हिसा नाही, कार्ड नाही, कुठली खिडकी नाही, आणि हा इथे कुटुंबासकट राहतोय.

उम्म खल्फान चटईवरून म्हणाली, “दोघंही तिकडूनच आले. एक खात होता, एकानं ऐकलं.”

सादियानं हात कोपरापर्यंत आत घालून चाचपलं. मग म्हणाली, लाकूड पुढे धड आहे, वेळेत सापडलं. शेंडा कलंडल्यावर कळलं असतं तर काही करता आलं नसतं. तिनं पोकळी साफ केली, खोडाला भोकं पाडून औषध सोडलं, जखम लिंपली आणि बजावलं, की यंदाची फळं खायची नाहीत आणि चाळीस दिवसांनी पुन्हा ऐकायचं. अर्जावर तपासणीचं साधन म्हणून तिनं स्वतःच्या अक्षरात ‘पेचकस’ लिहिलं आणि खाली सही केली. भिकाजींनी त्या दिवशी पंपाचं बेअरिंग तीन वेळा काढून तीन वेळा बसवलं, आणि हमूदना दोन नवी रोपं लावून देण्याचं कबूल केलं. गाडीच्या वाटेत नव्हे, असं हमूदनी दोनदा बजावलं.

चाळिसाव्या दिवशी भिकाजी गेले तेव्हा त्यांनी ऐकायच्या आधी म्हातारीनं हात पुढे केला. तिनं पेचकस घेतला, झाडाला टेकवला, मूठ कानामागे लावली, अगदी भिकाजी लावतात तशी, आणि डोळे मिटले. कहवा गार होईपर्यंत ती तशीच उभी होती. मग ती खल्फानला म्हणाली, आत आता शांत आहे, आणि हसली, आणि पेचकस तिनं परत दिला नाही. तो चटईच्या बाजूला, काठीशेजारी ठेवला. भिकाजींनी खल्फानकडे बघितलं. खल्फान आभाळाकडे बघायला लागला. कुडाळच्या उस्तादांची आठवण अशी रुस्ताकला राहिली. म्हातारी आता रोज सकाळी वाडीतल्या सगळ्या खजुरी ऐकते, असं खल्फान सांगतो, आणि तिच्या शब्दाला हमूदही मान देतात.

भिकाजींनी गालाच्या एका दुकानातून नवा पेचकस घेतला. प्लास्टिकच्या मुठीचा, लाल. इंजिनावर तो चालतो, पण परका वाटतो. परवा सकाळी प्रभावती चहा घेऊन बाल्कनीत आली, तर भिकाजी कढीपत्त्याच्या कुंडीपुढे गुडघ्यावर बसलेले, नव्या पेचकसाचं टोक त्या बोटभर खोडाला लावून, डोळे मिटून. तिनं हाक मारली नाही. थोडा वेळ उभी राहिली.

“काय आयकतास?” तिनं विचारलं.

“कायच आयकाक येणा नाय,” भिकाजी म्हणाले.

“मगे?”

“ताच आयकतंय.”

प्रभावतीनं कप कुंडीजवळ ठेवला, पदर सावरून शेजारी बसली आणि मुठीसाठी हात पुढे केला.